गिरणी संपानंतर मुंबई सोडली होती. आता परत आल्यावर लालबाग-परळमधील आपली माणसे कशी शोधावीत?

आपण लिहिले आहे की १९८२ च्या संपानंतर आपल्या वडिलांनी परळची खोली धाकट्या भावाच्या हाती सोपवली आणि कुटुंब पाटण तालुक्यातील गावी परतले. आता नोकरीमुळे आपण मुंबईत आला आहात, वडील हयात नाहीत, आणि चुलते व आत्या लालबाग-परळ भागात होते याखेरीज काहीही ठाऊक नाही. माणसे सापडतील का, आणि सापडली तर ती आपल्याला जवळ करतील का, असे दोन प्रश्न यात आहेत. पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा होकारार्थी असते. दुसऱ्याचे उत्तर पुष्कळदा त्या खोलीवर अवलंबून असते, आणि त्याविषयी लोक स्पष्ट बोलत नाहीत म्हणून मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे.

माझे माहेर लालबागचे, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यातील. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या खात्यात होते. लग्नानंतर मी नागपूरला आणि पुढे इंदूरला राहिले, आईवडील गेल्यावर मुंबईला येण्याचे निमित्तच संपले, आणि यजमानांच्या निवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमुळे आम्ही ठाण्याला आलो तेव्हा माहेरच्या एकाही माणसाचा दूरध्वनी क्रमांक माझ्याकडे नव्हता.

प्रथम एक गोष्ट सांगते: पत्त्यापासून सुरुवात करू नका. गिरणगावात पत्ता गिरणीच्या नावाने सांगितला जाई. अमुक गिरणीच्या मागे, तमुक गिरणीच्या फाटकासमोर, दुसरा जिना, तिसरा मजला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट मोकळी केली आणि २००१ मधील बदलानंतर ते काम फार वेगाने झाले, त्यामुळे पत्त्याचा आधार असलेल्या गिरण्याच आज जागेवर नाहीत. काहींच्या जागी मॉल आहेत, काहींच्या जागी पन्नास मजल्यांचे टॉवर, आणि कुठे एखादे धुराडे तेवढे शिल्लक आहे. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे नाव २०१८ पासून प्रभादेवी झाले आहे. डिलाईल रोडला कागदोपत्री ना. म. जोशी मार्ग म्हणतात. चाळ पाडली गेली असेल तर तिथले भाडेकरू संक्रमण शिबिरात किंवा बिल्डर देत असलेल्या भाड्यावर दुसरीकडे राहत असतात आणि ही तात्पुरती सोय कधी कधी दहा-पंधरा वर्षे चालते. अशा स्थितीत जुन्या पत्त्यावर जाऊन पत्र्याच्या कुंपणासमोर उभे राहण्यात फारसा अर्थ नसतो. जायचेच असेल तर कुंपणाबाहेरच्या वाण्याला, इस्त्रीवाल्याला किंवा जवळच्या मंडळाच्या कार्यालयातील कार्यकर्त्याला विचारावे, कारण कोण कुठे राहायला गेले हे त्यांना नेमके माहीत असते.

खरी सुरुवात आपल्या गावच्या घरातून होईल. आपल्या घरी जुन्या लग्नपत्रिका असतील तर त्या बाहेर काढा. पत्रिकेच्या खालच्या भागात निमंत्रकांची, चुलत्यांची, मामांची, भावकीची जी नावे असतात ती त्या वर्षापुरती कुटुंबाची जनगणनाच असते, आणि बऱ्याच पत्रिकांवर मुंबईतील संपर्काचा पत्ताही छापलेला असतो. त्याहूनही उपयोगी म्हणजे आहेराची वही. माझ्या आईने माझ्या लग्नातील वही जपून ठेवली होती. तीत प्रत्येक आहेराच्या पुढे देणाऱ्याचे नाव आणि कंसात ‘काळाचौकी’, ‘भांडुप’, ‘पोयबावडी’ अशी ठिकाणे लिहिली होती. त्या वहीतील भांडुपच्या एका नावावरून मला माझी मावसबहीण सापडली आणि तिच्याकडून बाकीची मंडळी. आपल्या भागात गावच्या यात्रेची पत्रिका निघते, तीत मुंबईकर वर्गणीदारांची यादी असते, आणि देवळाच्या जीर्णोद्धाराच्या वेळी भिंतीवर बसवलेल्या देणगीदारांच्या फरशीवर आपल्या चुलत्यांचे नाव असण्याची शक्यता बरीच आहे. गाव सोडून मुंबईला गेलेला माणूस घरच्यांशी बोलायचा थांबतो, पण देवाची वर्गणी सहसा थांबवत नाही.

मुंबईच्या बाजूने पाहिले तर आपल्या गावाचे मुंबईतील ग्रामस्थ मंडळ शोधावे. सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील पुष्कळ गावांनी गिरणगावात गावकीच्या खोल्या घेतल्या होत्या; एकेका खोलीत गावातील वीस-पंचवीस पुरुष पाळीप्रमाणे आलटूनपालटून झोपत, ट्रंका भिंतीला लावलेल्या असत आणि जेवण खाणावळीत. यांतील काही खोल्या आजही मंडळांच्या ताब्यात आहेत आणि तिथे सभासदांची जुनी वही मिळू शकते. आपले वडील कोणत्या खाणावळीत जेवत होते हे आईला आठवत असेल तर तेही विचारून ठेवा. माझी आत्या खाणावळ चालवीत असे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये खाणावळवाल्या बायकांसाठी उभ्या केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाची ती सभासद होती, आणि आपल्याकडे जेवून गेलेल्या प्रत्येक माणसाचे गाव, खाते आणि उधारी तिला अखेरपर्यंत तोंडपाठ होती. अशा बायका आता थोड्या उरल्या आहेत, परंतु त्यांच्या सुना-मुली आहेत.

आणखी एक मार्ग कागदपत्रांचा. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे लाखाहून अधिक अर्ज आले आणि १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर पटावर असलेल्या कामगारांचे वारस त्यासाठी पात्र धरले गेले. या अर्जांपायी कित्येक वर्षे न बोललेले भाऊ-बहीण सह्यांसाठी एकमेकांना शोधत आले हे मी स्वतः पाहिले आहे. आपल्या वडिलांचा तिकीट नंबर, हजेरी कार्ड, ईएसआयचे कार्ड किंवा फंडाची पावती घरात असेल तर शोधून ठेवा. गिरणी कामगारांच्या एखाद्या संघटनेच्या कार्यालयात ती घेऊन गेलात तर त्याच खात्यातील जुना माणूस भेटण्याचा संभव असतो.

भेटीसाठी वेळही निवडावी लागते. गणपतीत जावे असे सगळे सांगतील. मला ते पटत नाही. लालबागच्या राजाची स्थापना १९३४ मधली, गणेशगल्लीचा गणपती १९२८ पासूनचा आणि चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० पासूनचा; या तिन्ही ठिकाणी आता इतकी अलोट गर्दी असते की त्या दिवसांत स्थानिक माणसाला स्वतःच्या घरी पोहोचायलाही वेळ लागतो, तिथे चाळीस वर्षांनी आलेल्या पुतण्याशी निवांत कोण बोलणार? शिवाय कोकणातली मंडळी त्या वेळी गावी गेलेली असतात. त्यापेक्षा एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या मिरची गल्लीत जावे. वर्षाचा मसाला कुटून घेण्यासाठी बदलापूर, विरार, डोंबिवलीला राहायला गेलेल्या बायका अजूनही तिथल्याच डंखावर, म्हणजे मसाला कुटण्याच्या यंत्रावर येतात, आपला नंबर लागेपर्यंत तासन्‌तास बसून असतात, आणि बसल्या बसल्या कोणाचे लग्न ठरले, कोण आजारी आहे, कोणाची खोली बिल्डरकडे गेली हे सर्व बोलून होते. माझी थोरली वहिनी मला तिथेच भेटली. तिने आधी मिरचीचा भाव सांगितला आणि मग मला ओळखले.

आता खोलीविषयी. आपण परत येत आहात तो काळ पुनर्विकासाचा आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर मिळत आहे आणि वरळीतील पहिल्या घरांच्या किल्ल्या २०२५ च्या ऑगस्टमध्ये रहिवाशांना मिळाल्या. पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन भाडेहक्क घेतलेल्या चाळींतही कमी-अधिक फरकाने हेच चालू आहे. ज्या दहा बाय सोळाच्या खोलीला एके काळी कोणी विचारत नव्हते, तिची किंमत आता कोटींत सांगितली जाते. अशा वेळी चाळीस वर्षे ज्याचा पत्ता नव्हता असा थोरल्या भावाचा मुलगा दारात आला, की चुलतीच्या मनात पहिला विचार कोणता येईल हे आपणच ठरवा. तिला दोष देऊ नका. ती खोली तिने राखली आहे, सामाईक संडासाच्या रांगेत उभी राहून आणि पहाटे चारला पाणी भरून राखली आहे.

माझ्या बाबतीतही हेच झाले. चुलत भावाने चहा दिला, विचारपूस केली, परंतु प्रत्येक वाक्य मोजून येत होते, आणि वहिनी आतल्या खोलीतून बाहेरच येईना. तेव्हा मीच विषय काढला आणि सांगितले की ही खोली काकांच्या नावावर आहे हे मला ठाऊक आहे, ती मागायला मी आलेली नाही. आईचा एखादा फोटो असेल तर तो पाहायला आले आहे. त्यानंतर अर्ध्या तासात वहिनीने पोटमाळ्यावरची ट्रंक खाली उतरवली.

आपल्या मनात खोलीतील हिश्श्याचा विचार असेलच तर त्यात गैर काही नाही, पण तो विषय स्वतंत्रपणे, वकिलाचा सल्ला घेऊन आणि उघडपणे मांडावा; आठवणी विचारता विचारता भाडेपावती कोणाच्या नावावर आहे याची चाचपणी करणे मला बरे वाटत नाही, आणि लोकांना ते लगेच कळतेही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे मूळ भाडेकरूच्या मृत्यूनंतर राहत्या जागेचा भाडेहक्क त्या वेळी त्याच्यासोबत राहत असलेल्या कुटुंबीयाकडे जातो आणि तसा कोणी नसेल तरच अन्य वारसांचा विचार होतो, हे आधी समजून घेतले म्हणजे पुष्कळ गैरसमज आपोआप टळतात. त्याचप्रमाणे पहिल्याच भेटीत कोणी हक्कसोडपत्र पुढे केले, तर कितीही संकोच वाटला तरी वाचून, विचारून मगच सही करावी.

खोलीइतकाच नाजूक विषय संपाचा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. काही महिन्यांनी घराघरांत फाटाफूट झाली. एक भाऊ पोलीस बंदोबस्तात कामावर गेला, दुसरा बाहेर राहिला. एकाने बायकोचे मंगळसूत्र विकून वाण्याचे देणे भागवले, तर दुसऱ्याच्या घरी त्याच महिन्यात पगार आला. माझे वडील आणि काका यांचे बोलणे यावरूनच बंद झाले. आम्हा मुलांना मात्र भांडणाचे कारण कधी सांगितले गेले नाही, त्यामुळे मी कित्येक वर्षे काकांना गर्विष्ठ समजत राहिले. पुढे चुलत भावाकडून कळले की काका कामावर गेले ते माझ्या आजीच्या औषधासाठी पैसे नव्हते म्हणून, आणि त्या पगारातले पैसे त्यांनी आईच्या हाती गुपचूप दिलेही होते. हे खरे कितपत आणि मुलाने वडिलांची बाजू सावरून घेतली कितपत, हे सांगणारे आता कोणी नाही. मी दोन्ही शक्यता मनात ठेवल्या आहेत. आपल्या वडिलांनी खोली भावाला ‘दिली’ असे आपण ऐकले असेल आणि चुलत्यांच्या घरी ती ‘विकत घेतली’ असे सांगितले जात असेल, तर चकित होऊ नका आणि तिथल्या तिथे दुरुस्ती करायला जाऊ नका.

जुन्या माणसांना ‘तुम्हाला माझे वडील आठवतात का’ असे विचारले की ती ‘देवमाणूस होता’ एवढेच बोलून थांबतात. त्याऐवजी वडील कोणत्या खात्यात होते, बदली (दुसऱ्याच्या जागी रोजापुरते घेतलेले) कामगार होते की कायम, पहिल्या पाळीचा भोंगा झाल्यावर कोणाबरोबर निघत, पगाराच्या दिवशी काय आणत, भारतमाता सिनेमाला कधी नेत, असे बारीक प्रश्न विचारावेत. माझे वडील रात्रपाळीनंतर घरी न येता भजनाच्या सरावाला बसत हे मला एका शेजाऱ्याकडून असेच कळले. आम्हा मुलांना ते जादा काम करतात असे वाटत असे, आणि आईला मात्र सर्व ठाऊक होते. संवाद ध्वनिमुद्रित करायचा असेल तर परवानगी घ्यावी. नातू समोर असला तर म्हातारी माणसे अधिक मोकळेपणाने बोलतात, कारण मग ती त्याला सांगत असतात.

पहिल्या भेटीला एकटे जा, पत्नी-मुलांना दुसऱ्या खेपेस न्या. जाण्यापूर्वी फोन करा, रविवारी अकराच्या सुमारास पोहोचा, आणि गावाकडून तांदूळ, घेवडा असे काही येत असेल तर तेच न्या. दुकानातील मिठाईचा पुडा परक्या पाहुण्याने न्यायचा असतो. निघताना चुलतीला आत्याचा क्रमांक विचारा. नणंद-भावजयीचे पटत नसले तरी क्रमांक बहुधा तिच्याचकडे असतो.