प्लेन्सबरोचं टाउनहाउस विकून ऑस्टिनला घर: या स्प्रिंगमध्ये की नंतर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बातम्यांत बाजार थंड असल्याचं सांगतात, पण न्यूजर्सीत तुमच्याच कॉम्प्लेक्समधलं टाउनहाउस एका वीकएंडात, मागितलेल्या किमतीच्या वर गेलं. नवऱ्याची नोकरी टेक्सासमध्ये ऑस्टिनला जातेय, तिथे लिअँडरला एक घर मनात आहे, आणि इथलं कर्ज पावणेतीन टक्क्यांचं आहे. मग आत्ता विकून तिकडे घ्यावं, की इथलं भाड्याने देऊन वर्षभर थांबावं?

दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. 2024 मध्ये अमेरिकाभरात साधारण 40 लाख 60 हजार जुनी घरं विकली गेली, 1995 नंतरचा सगळ्यात कमी आकडा. पण विक्री कमी होण्याचं कारण दोन्हीकडे सारखं नाही. न्यूजर्सी, कनेटिकट या बाजूला घर विकायला काढणारेच कमी, म्हणून जे येतं त्यावर उड्या पडतात. ऑस्टिनमध्ये कोविडच्या काळात भाव भरमसाट चढले, बिल्डरांनी आसपासच्या राउंड रॉक, लिअँडर, काइलपर्यंत रांगोळी घातल्यासारखी घरं बांधली, आणि व्याजदर वाढल्यावर घेणारे थबकले. तिथले भाव 2022 च्या शिखराच्या बरेच खाली आहेत. मध्य न्यूजर्सीत मोकळी जमीनही नाही आणि टाउनशिप सहजासहजी परवानगीही देत नाही.

म्हणजे तुम्ही विक्रेत्याच्या बाजारात विकणार आणि ग्राहकाच्या बाजारात घेणार. असा योग रोज येत नाही, आणि माझं मत विकण्याच्या बाजूने आहे. त्यात मोडता घालणारी एकच गोष्ट, तुमचं पावणेतीन टक्क्यांचं कर्ज. जानेवारी 2021 मध्ये तीस वर्षांच्या फिक्स्ड दराच्या कर्जाचा सरासरी दर 2.65 पर्यंत उतरला होता, ऑक्टोबर 2023 मध्ये तो 7.79 वर गेला. त्या स्वस्तातल्या कर्जाला चिकटून लोक बसलेत, म्हणून तर तुमच्याकडे घरं बाजारात येत नाहीत. चार लाख डॉलरचं कर्ज धरलं तर पावणेतीनने मुद्दल-व्याजाचा हप्ता 1,633 पडतो, नव्या कर्जाचा दर सव्वासहा धरला तर 2,463. महिन्याला 830 चा फरक. तो तुमच्या नव्या बजेटात बसतो का, हे आधी बघा. बाकी सगळं त्यानंतर.

भाड्याने देण्याबद्दल: करात मोठी सवलत पणाला लागते. गेल्या पाच वर्षांत दोन वर्षं स्वतः राहिलेलं घर असेल तर जोडीने रिटर्न भरणाऱ्यांना पाच लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त. भाडेकरू ठेवून तीन वर्षं उलटली की ही खिडकी बंद. शिवाय दीड हजार मैलांवरून हीटर बिघडल्याचे फोन घेण्याची हौस आहे का, ते तुम्हीच ठरवा.

न्यूजर्सीतली विक्री तुम्ही पाहिलीच आहे: गुरुवारी लिस्टिंग, शनिवार-रविवार ओपन हाउस, सोमवारी संध्याकाळी 'हायेस्ट अँड बेस्ट', म्हणजे प्रत्येकाची शेवटची, सगळ्यात चांगली ऑफर. नुसता मोठा आकडा बघून भुलू नका. अप्रेझल (लेंडरने करून घेतलेलं घराचं मूल्यांकन) कमी आलं तर फरक रोखीने भरायची तयारी आहे का, हे विचारा. सही झाल्यावर अ‍ॅटर्नी रिव्ह्यूचे, म्हणजे वकिलांनी करार तपासण्याचे, तीन कामकाजाचे दिवस असतात, तोवर घेणारा सहज निघून जाऊ शकतो, म्हणून दुसऱ्या ऑफरवाल्याला लगेच तोडू नका. स्मोक डिटेक्टरच्या सर्टिफिकेटसाठी टाउनशिपची वेळ आधीच घ्या, ऐन क्लोजिंगला (घर नावावर व्हायच्या दिवशी) तेच अडतं. आणि 'एक्झिट टॅक्स' म्हणून जो बागुलबुवा आहे तो वेगळा कर नाही, राज्य सोडून जाणाऱ्याकडून आगाऊ कापून घेतलेला इन्कम टॅक्स आहे. राहतं घर असेल तर सूट मिळवायचा फॉर्म वकिलाकडून भरून घ्या.

तारखांचं गणित मात्र टेक्सासच्या शाळांवर बांधा. तिकडे शाळा ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतात, तुमच्यासारख्या सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या आसपास नाही. एप्रिलमध्ये लिस्ट केलंत तर जूनमध्ये क्लोजिंग होतं, आणि मुलांची इथली शाळा संपेपर्यंत घेणाऱ्याकडूनच काही दिवस घर भाड्याने मागून घेता येतं. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. तुम्ही मानत नसाल, पण प्लेन्सबरो-वेस्ट विंडसरला तुमचं घर बघायला येणाऱ्यांत मानणारे बरेच असतील. गृहप्रवेश पुढे ढकलायला कोणी क्लोजिंग आठवडाभर लांबवायला सांगितलं तर त्यावरून ऑफर घालवू नका.

आता ऑस्टिन. टेक्सासमध्ये विक्रीची किंमत सरकारदरबारी जाहीर करावी लागत नाही, त्यामुळे वेबसाइटवर दिसतो तो मागितलेला भाव. खरे सौदे एजंटकडूनच कळतात. बिल्डर किंमत उतरवायला नाखूश असतो, कारण शेजारच्या प्लॉटचा भाव पडतो. त्याऐवजी तो व्याजदर कमी करून देतो, पण त्याच्याच लेंडरकडून कर्ज घेतलं तर. दर पूर्ण मुदतीसाठी कमी आहे की पहिल्या दोनच वर्षांपुरता, हे लेखी घ्या.

सगळ्यात जास्त फसगत होते ती प्रॉपर्टी टॅक्समध्ये. माझ्या एका मित्राने लिअँडरला नवं घर घेतलं. पहिल्या वर्षी टॅक्स लागला तो जानेवारीत जे उभं होतं त्यावर, म्हणजे नुसत्या प्लॉटवर, आणि एस्क्रोही (लेंडर टॅक्ससाठी हप्त्यातून बाजूला काढतो ती रक्कम) तेवढाच धरला गेला. दुसऱ्या वर्षी अख्ख्या घराचं बिल आलं. लेंडरचं पत्र आलं: मागची तूट अधिक पुढची वाढ, आणि हप्ता एकदम काहीशे डॉलरनी वर. त्यात नव्या वस्तीत मड, म्हणजे पाणी-सांडपाण्याच्या डिस्ट्रिक्टचा, वेगळा कर असतो. स्टेट इन्कम टॅक्स नाही म्हणून केलेला हिशोब इथेच ढासळतो. राहायला गेल्यावर होमस्टेडचा (राहत्या घरावरच्या कर-सवलतीचा) अर्ज करायला विसरू नका, पुढच्या वर्षांत करपात्र किमतीची वाढ 10 टक्क्यांवर अडते. विम्याच्या पॉलिसीत गारपिटीचं डिडक्टिबल (नुकसानीतला तुम्ही भरायचा वाटा) डॉलरमध्ये आहे की घराच्या विम्याच्या टक्क्यात, तेही पाहा.

घाई तिथे करू नका. घर महिनोन्महिने पडून असेल तर ऑप्शन पिरियड मागा, त्या दिवसांत छोटी फी सोडून देऊन कारण न सांगता माघार घेता येते. तेवढ्यात फाउंडेशन तपासून घ्या, तिथली चिकणमाती ओलाव्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते.

लिअँडरचं जे घर तुम्ही मनात धरलंय त्याचा मडचा दर आणि बिल्डरने देऊ केलेला व्याजदर इथे टाका, हप्ता मांडून बघू.