डाव्या-उजव्यातला फरक

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. स्तनांचा आकार वाढवायच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले, डावी बाजू खाली उतरली, उजवी मात्र अजून वर चढलेली आणि टणक. रोज आरशासमोर उभी राहून तू दोन्ही बाजू ताडून बघतेस, हेही लिहिलंस. प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर म्हणून माझी सगळी नोकरी झाली, त्या अनुभवावरून सांगते: इतक्या लवकर निकाल लावू नकोस.

तुझं इम्प्लांट, म्हणजे आकारासाठी आत घातलेली पिशवी, छातीच्या स्नायूखाली बसवलंय. सुरुवातीला तो स्नायू आवळलेला असतो आणि इम्प्लांटला वर धरून ठेवतो. तो सैलावेल तसं इम्प्लांट खाली सरकतं, खालचा भाग भरतो. दोन्हीकडे हे एकाच वेळी होत नाही. तू उजव्या हाताची, त्या बाजूचा स्नायू बहुतेक जास्त बळकट. शिवाय त्या हाताला तू खरंच विश्रांती दिलीस का? निदान तीन महिने जाऊ देत. आकार पुरता स्थिरावायला सहा महिने, कधी वर्षही लागतं. फोटो काढायचाच तर महिन्यातून एकदा, त्याच जागी, त्याच उजेडात, हात खाली सोडून काढ.

आणखी एक. ऑपरेशनआधी डॉक्टर उभं करून मार्करने रेघा मारतात, गळ्याखालच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत टेप लावतात. त्या टेपचं टोक मी वर्षानुवर्षं धरलंय आणि दोन्हीकडे तंतोतंत एकच आकडा आलेली बाई विरळाच. कुणाच्या बरगड्या एका बाजूला पुढे, कुणाची स्तनाखालची घडी अर्धा सेंटिमीटर खाली. एरवी हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आकार वाढला की तोच फरक डोळ्यांत भरतो. डॉक्टरांकडे तुझे आधीचे फोटो असतील, ते मागून शेजारी ठेवून बघ.

हळूहळू बदलणाऱ्या फरकाला वेळ द्यायचा. अचानक आलेल्या फरकाला अजिबात नाही. एक बाजू काही तासांत फुगली, ताठ झाली, खूप दुखायला लागली, तर आत रक्त साचत असू शकतं. लाली, गरमपणा, ताप, टाक्यांतून पाणी किंवा पू, म्हणजे जंतुसंसर्गाची शंका. रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. म्हणूनच, घरी कुणालाच सांगितलं नाहीस हे मला खटकलं. बहीण, मैत्रीण, कुणीही चालेल, पण तापाने फणफणलीस तर रिक्षा बोलावणारं एक माणूस हवं.

मालिश डॉक्टरांनी सांगितली असेल तरच, आणि त्यांनी दाखवली तशीच. टणक वाटतं म्हणून गरम पिशवीने शेकू नकोस. ऑपरेशननंतर तिथली कातडी बधिर असते, भाजलेलं कळतसुद्धा नाही.

पुढच्या काळासाठीही थोडं सांगते. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचं एक आवरण तयार करतं, ते सगळ्यांनाच होतं. काहींमध्ये ते आवळत जातं, मग ती बाजू घट्ट होते आणि वर ओढली जाते. असं काही महिन्यांनी जाणवलं तर दाखवायला जा. सिलिकॉनचं इम्प्लांट फाटलं तरी बाहेरून बहुधा काही दिसत नाही. त्यामुळे एफडीएचा, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेचा, सल्ला असा की त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी, पुढे दर दोन-तीन वर्षांनी. काही वर्षांनी एक बाजू एकाएकी सुजली तर आतलं पाणी तपासून घ्यायचंच. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी एका दुर्मीळ लिम्फोमाचा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या कॅन्सरचा, संबंध आढळलाय. त्याच कारणाने 2019 मध्ये ॲलर्गन कंपनीने आपली बायोसेल नावाची खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत मागवली. तुझं कोणतं आहे, ते इम्प्लांटच्या कार्डावर असतं: कंपनी, प्रकार, आकारमान, नंबर. कार्ड मिळालं नसेल तर या आठवड्यातच माग. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या, वेळीही इम्प्लांट आहे हे आधी सांगायचं, कारण फोटो वेगळ्या पद्धतीने घ्यावे लागतात.

रक्त किंवा संसर्गासारखी गुंतागुंत नसताना कुणी आत्ताच दुसऱ्या ऑपरेशनची घाई केली तर दुसऱ्या प्लास्टिक सर्जनचं मत घे. सहा महिन्यांनीही फरक राहिला आणि तुला सलत राहिला, तर दुरुस्ती होऊ शकते, आणि ती मागण्यात लाजण्यासारखं काही नाही. त्याचा खर्च कुणाचा, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचे पैसे वेगळे आहेत का, हे पुढच्या भेटीत विचार आणि कागदावर लिहून घे.

तुझी,
सिस्टर मावशी