शहरातल्या तलावावरची बदकं ओळखायची कशी? मला सगळी सारखीच दिसतात

तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी तलावाला फेरी मारता, पाण्यात काळी-करडी बदकं दिसतात, पण सगळी एकाच साच्यातली वाटतात. सुरुवात कुठून करू आणि त्यांना खायला काय घालू, असे दोन प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर सोपं: काही घालू नका. त्यावर पुढे बोलतो. पहिल्याची गंमत अशी की तुम्हाला दिसणाऱ्या त्या बदकांपैकी बरीचशी बदकं नसणारच.

मी कोल्हापूरचा. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला लावलं, तेव्हापासून रंकाळा. पहिले दोन महिने मी घरी येऊन बायकोला काळ्या बदकांचे फोटो दाखवत होतो. एक दिवस संध्यामठाजवळ गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कशाचा फोटू काढतायसा?" म्हटलं, बदकाचा. तो पाण्याकडे न बघताच म्हणाला, "पाव्हणं, ते बदाक न्हवं. वारकरी हाय ते."

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. आधी जे बदक नाही ते बाजूला काढायचं, मग उरेल त्याच्या मागे लागायचं.

वारकरी ओळखायला सगळ्यात सोपा. अंग काळंकुट्ट, चोच पांढरी, आणि ती पांढरी चोच तशीच कपाळावर चढलेली, टिळा लावल्यासारखी. पोहताना मान सारखी पुढे-मागे करतो. तो पाणकोंबड्यांच्या कुळातला. पायाला बदकासारखा सलग पडदा नसतो, प्रत्येक बोटाला सुट्या पाकळ्या असतात. उडायचं झालं की आधी पाण्यावरून फटफट करत धावत सुटतो, सुटलेली एसटी गाठायला निघाल्यासारखा. बदकांत पाण्यावरून असं धावत उडणारी जातही असते, पण शहरातल्या तलावावर नेहमी दिसणारी बदकं जागेवरूनच वर उठतात.

दुसरी टिबुकली. मुठीएवढा तपकिरी गोळा, शेपूट नसल्यासारखीच. नवशिक्याला ती कुणाचं तरी पिल्लू वाटते. तुम्ही बोट दाखवेपर्यंत ती गायब होते आणि पंधरा-वीस सेकंदांनी भलतीकडेच वर येते. पावसाळ्याच्या सुमाराला तिचा गळा तांबूस होतो आणि चोचीच्या मुळाशी फिकट पिवळा ठिपका उठून दिसतो. पिल्लं पाठीवर बसवून फिरते, तेव्हा पंखांतून दोन चिमुकली डोकी बाहेर आलेली असतात.

तिसरा पाणकावळा. पोहताना अंग बुडालेलं आणि मान तेवढी वर. बाहेर आला की खांबावर पंख पसरून उभा राहतो, कारण त्याची पिसं पाणी धरतात, वाळवावी लागतात. चौथी जांभळी पाणकोंबडी, जिला मी तासभर बघू शकतो. निळं-जांभळं अंग, लाल जाड चोच, लांबलचक लाल बोटं. जलपर्णीचा देठ उपटते, एका पायानं मुठीत धरावा तसा धरते आणि उसाच्या कांडक्यासारखा सोलून खाते. चालताना शेपूट झटकली की खालचा पांढरा भाग चमकतो.

हे चौघे वगळले की जे उरतं ते आपल्याकडच्या शहरातल्या तलावांवर बहुधा हळदीकुंकू बदक असतं. मला पक्ष्यांच्या मराठी नावांत याच्याइतकं नेमकं नाव दुसरं माहीत नाही. एकदा पहाटे काठाच्या दगडांवर मी गुडघे धरून बसलो होतो. एक जोडी चरत चरत माझ्यापासून आठ-दहा फुटांवर आली. काळी चोच, टोकाला हळदीचं बोट बुडवल्यासारखा पिवळा भाग आणि चोच जिथे कपाळाला मिळते तिथे दोन्ही बाजूंना कुंकवाचे लाल ठिपके. छातीपासून मागे पिसांवर खवल्यांसारखी नक्षी, पाय नारिंगी. बसल्यावर पाठीकडे एक पांढरी रेघ दिसते. उडालं की पंखात हिरवी पट्टी उघडते. नर-मादी जवळजवळ सारखीच. ही जात इथलीच, सायबेरियातून येत नाही. तलावावर कुणी तुम्हाला त्यांच्याकडे बोट दाखवून "परदेशी पाहुणे" म्हणालं तर मान हलवा आणि पुढे चला.

पाहुणे येतात ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. थापट्याची चोच पुढे थापीसारखी पसरट असते. तिच्या कडांना बारीक कंगवा असतो, त्यातून तो पाणी गाळून खातो. कधी कधी पाच-सहा थापटे एकामागोमाग गोल फिरत पाणी घुसळताना दिसतात. तलवार बदकाची शेपूट अणकुचीदार, भुवई बदकाच्या नराच्या डोळ्यावर पांढरी जाड भुवई. पण इथे एक फसगत आहे, आणि ती माझ्या पहिल्या हिवाळ्यात पुरती झाली. ही बदकं इथे पोचतात तेव्हा नरसुद्धा मादीसारखे मळकट असतात. उन्हाळ्यात ते पिसं टाकतात, तेव्हा रंगीत पोशाखही उतरतो आणि नवा चढायला वेळ लागतो. पुस्तकातलं झगझगीत चित्र घेऊन नोव्हेंबरात गेलात तर एकही जुळणार नाही. जानेवारीत परत जा. भुवई बदकाला तर त्याहूनही उशीर होतो. ही मंडळी मला रंकाळ्यापेक्षा उजनीच्या पाण्यावर, भिगवणकडे, जास्त निवांत बघायला मिळाली.

पांढरीशुभ्र, नारिंगी चोचीची, माणसाकडे धावत येणारी बदकं दिसली तर ती पाळीव, कुणीतरी आणून सोडलेली. वहीत लिहायची गरज नाही.

दुर्बिणीवरून मी पैसे वाया घालवलेत, तुम्ही घालवू नका. एका प्रदर्शनातून वीस पटीची दुर्बीण आणली. इतकं मोठं दिसलं की हाताच्या थरथरीबरोबर पक्षी चौकटीतून बाहेर. ८×४२ घ्या, आठ म्हणजे किती पट, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. तीही लगेच नको, पहिला महिना नुसत्या डोळ्यांनी बघा. त्यापेक्षा महत्त्वाचं, ऊन पाठीवर घ्या. रंकाळ्यावर सकाळी चौपाटीच्या बाजूनं शालिनी पॅलेसकडे बघितलं की रंग कळतात. संध्याकाळी तिथूनच बघितलंत तर सगळी काळी बदकं. तुमच्या तक्रारीचं कारण कदाचित एवढंच असेल.

मोबाईलवर मर्लिन नावाचं ॲप फोटोवरून नाव सुचवतं आणि ई-बर्डवर यादी ठेवता येते, दोन्ही फुकट. पण आधी स्वतः अंदाज बांधा, मग ॲपला विचारा, नाहीतर नाव कळतं आणि पक्षी बघायचा राहतो. सोबत हवी असेल तर ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. त्या आठवड्यात गावोगावी फेऱ्या निघतात, कुणालाही जाता येतं.

आता खाण्याचं. मीही एकदा भडंग टाकलंय, कबूल करतो. हळदीकुंकू लांबच राहिलं, कावळे आले आणि मागून दोन कुत्री. पावानं पक्ष्याचं पोट भरतं पण त्यात त्याच्या कामाचं फारसं नसतं, आणि न खाल्लेला पाव पाण्यात कुजतो. आधीच सांडपाण्यानं खत मिळालेल्या तलावात ही आणखी भर. जलपर्णी फोफावते ती अशाच पाण्यावर. ती सगळा तलाव झाकते तेव्हा टिबुकलीला बुडी मारायला उघडं पाणी उरत नाही, म्हणून ती काढावीच लागते. पण काठाचं पाणकणीस आणि गवतसुद्धा खरवडून, सिमेंट ओतून, त्याला सुशोभीकरण म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. पाणकोंबडीनं घरटं काय बाकड्याखाली बांधायचं?

तुमचा तलाव कुठला ते तुम्ही लिहिलं नाहीत. कळवा, आणि फोटो टाका. फक्त चोचीचा काढा. चरताना हळदीकुंकू काय आणि थापट्या काय, डोकं पाण्यात, ढुंगण वर. त्या बाजूनं मलाही सगळी सारखीच दिसतात.