द्राक्षाचं कलम हेही क्लोनिंगच, मग डॉलीचं कौतुक कशाला?

तुमचे दोन प्रश्न: कलम हे क्लोनिंगच, म्हणजे त्याच जनुकांची प्रत काढणं असेल, तर क्लोनिंगने जन्मलेल्या डॉली मेंढीचा एवढा गाजावाजा का, आणि टिश्यू कल्चरचं रोप जीएम, म्हणजे जनुक बदललेलं असतं का?

दुसऱ्याचं उत्तर सरळ आहे: नाही. कोंबाच्या टोकाचा बारीक तुकडा निर्जंतुक करून साखर, क्षार आणि संप्रेरकं असलेल्या माध्यमात वाढवतात. बाहेरचं जनुक त्यात कोणी घालत नाही.

आता पहिला. नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे थॉम्पसन या बिनबियांच्या द्राक्षाच्या बहुतेक बागांत खाली डॉगरिज या दुसऱ्या जातीचा खुंट, म्हणजे मुळांकडचा भाग असतो. पावसाळा सरता सरता खुंट कापून मधोमध चिरतात, डोळे असलेली काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवतात आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळतात. जोड सांधतो, पण दोघांची जनुकं आपापल्या जागी राहतात. जोडाखालून फुटवा आला तर तो डॉगरिजचाच. तो वेळीच काढला नाही तर खुंटच शिरजोर होतो. वरचा वेल मात्र थॉम्पसनचा क्लोन. या द्राक्षात बी पुरतं धरतच नाही, तेव्हा काडीशिवाय गत्यंतर नाही.

पण क्लोन म्हणजे कायम हुबेहूब, असंही समजू नका. एखाद्या फांदीत आपसूक बदल होतो आणि काडीबरोबर पुढे जातो. तास-ए-गणेश आणि सोनाका या जाती थॉम्पसनमधूनच अशा निवडल्या गेल्या. रोगही त्याच वाटेने जातो. आपल्या कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात डाळिंबाची गुटी बांधताना, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून रोप करताना, मातृवृक्षावर तेल्या हा जिवाणूजन्य रोग असेल, तर रोपाबरोबर तोही बागेत येतो. गुटी स्वस्त पडते हे खरं, पण झाड न बघता घेऊ नये.

जनावरांचं गणित वेगळं. झाडाची पेशी पुन्हा अख्खं झाड घडवू शकते. १९५८ साली स्टीवर्ड यांनी गाजराच्या पेशींवर ते दाखवलं. गाईच्या कातडीचा तुकडा माध्यमात ठेवला तर फार तर कातडीच्याच पेशी वाढतील. म्हणून स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये प्रौढ मेंढीच्या कासेतली पेशी, स्वतःचं केंद्रक (जनुकं असलेला गाभा) काढून टाकलेल्या बीजांडाला लावून ठेवली आणि विजेच्या सौम्य झटक्याने दोन्ही एकजीव केलं. असे २७७ प्रयत्न झाले, तेव्हा ५ जुलै १९९६ ला डॉली जन्मली. कर्नालच्या एनडीआरआय या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने २००९ साली म्हशीची क्लोन रेडी जन्माला घातली, तीही महागडं सूक्ष्म उपकरण टाळून, हाताने बीजांड कापण्याच्या पद्धतीने.

भ्रूणाचे दोन भाग करून जुळी वासरं मिळवणं त्यामानाने सोपं. पण त्यात प्रत निघते ती न जन्मलेल्या वासराची, आणि ते पुढे किती दूध देईल हे तेव्हा कोणालाच ठाऊक नसतं. गोठ्यात दूध देऊन सिद्ध झालेल्या गाईचीच प्रत हवी, तर डॉलीच्याच वाटेने जावं लागतं.