एफडी मोडायच्या आधी केबल बदलून बघा

ऐरोलीहून एका ताईंचा प्रश्न आलाय. घरून लग्नाचे व्हिडिओ एडिट करतात, महिन्याला सरासरी ३५ हजार सुटतात. चार वर्षं जुन्या ग्राफिक्स कार्डमुळे स्क्रीनवर रंगीत ठिपके आणि चौकटी यायला लागल्यात, दुकानदार म्हणतो चिप काढून परत बसवतो, साडेसहा हजार, गॅरंटी ३० दिवस, नाहीतर नवीन कार्ड २८ हजारांचं, नऊ महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर. बँकेत एक लाखाची एफडी आहे, ती मोडू का?

ताई, पैशाचं नंतर बोलू, आधी सांगा बिघाड कार्डातच आहे हे ठरवलं कोणी? आमच्या नौपाड्यातल्या ऑफिसात असंच झालेलं, एका दुकानात कार्ड गेलंय म्हणून सांगितलं आणि शेवटी निघाली केबल. म्हणून ठिपके दिसतायत तेव्हाच स्क्रीनशॉट काढा आणि तो मोबाईलवर बघा. स्क्रीनशॉटमध्ये ठिपके नसतील तर केबल, मॉनिटर नाहीतर फारतर कार्डाचं पोर्ट. त्यातही असतील तर मात्र कार्ड किंवा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, आणि मशीन चालू करताना विंडोज यायच्या आधी, कंपनीचा लोगो दिसतो तिथेच ठिपके असतील तर ड्रायव्हरचा काही संबंध नाही, कार्डच. विंडोजमध्येच येत असतील तर जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये पूर्ण काढून नवा टाका, धूळ साफ करा, पॉवरची वायर नीट बसवा, आणि आफ्टरबर्नर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मेमरी क्लॉक, म्हणजे कार्डाच्या मेमरीचा वेग, थोडा खाली आणून बघा. तेवढ्याने ठिपके कमी झाले तर मेमरी चिप थकली असं समजा. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. बिलही शोधा, काही कंपन्या नोंदणी केलेल्या कार्डाला ५ वर्षांची वॉरंटी देतात.

आता समजा कार्डच गेलंय. ते साडेसहा हजार मी देणार नाही. चिप गरम करून परत बसवलेली कार्डं कधी महिना चालतात कधी वर्ष, आणि ३० दिवसांची गॅरंटी म्हणजे दुकानदारालाही त्याहून जास्त भरवसा नाहीये. युट्यूबवर बघून ओव्हनमध्ये भाजायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका.

ईएमआयबद्दल माझं मत जरा कडक आहे. नो कॉस्ट म्हटलं तरी व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी लागतेच, वर रोख दिले असते तर सुटले असते ते हजार-बाराशेही जातात. पण माझी खरी काळजी ती नाही. तुमचं काम लग्नाचं आहे, आषाढी एकादशी झाली की चातुर्मासात मुहूर्त नाहीत, तुळशीच्या लग्नापर्यंत आवक बसणार आणि दरमहा तीन हजारांच्या वरचा हप्ता मात्र थांबणार नाही. एखादा हप्ता क्रेडिट कार्डवर थकला तर तिथे वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं.

त्यापेक्षा बँकेत जाऊन एफडीवर ओव्हरड्राफ्ट मागा, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तसे पैसे उचलायचे. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज, तेही जेवढे वापराल तेवढ्यावरच, आणि सीझनमध्ये पैसे आले की एकदम फेडता येतात, एफडी आहे तशी राहते. बँक नाही म्हणाली तर खुशाल २८ हजारांपुरती मोडा, सगळी मोडायची गरज नाही, बऱ्याच बँकांत अर्धवट मोडता येते आणि दंड सहसा टक्का-अर्धा टक्का. हे मशीन तुमचं पोट आहे, एफडी अशाच दिवसासाठी ठेवलेली असते.

पण घाई करू नका. प्रोसेसर इंटेलचा असेल आणि नावाच्या शेवटी एफ नसेल तर त्यात बहुधा स्वतःचं ग्राफिक्स असतं, कार्ड काढून मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावा, साध्या एडिटिंगला दोन-तीन आठवडे निभतं. तेवढ्यात लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात चार दुकानांत भाव विचारून या, आणि जीएसटी नंबर असेल तर बिल त्यावरच घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळेल.

आणि ताई, आज रात्रीच चालू असलेली सगळी प्रोजेक्ट्स दुसऱ्या डिस्कवर टाका, असं कार्ड एक्स्पोर्टच्या मध्येच मशीन बंद पाडतं आणि कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाचं काम अडकतं. स्क्रीनशॉटमध्ये काय दिसलं ते कळवा, मग बँकेचं बघू.