पाठ झालेली गोष्ट आणि न उघडलेले पुस्तक

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. ऑनलाइन वाचून दाखवलेली चित्रपुस्तके ती मन लावून ऐकते, काही गोष्टी तर तिला शब्दन् शब्द पाठ आहेत. घरातली पुस्तके मात्र ती उघडूनही पाहत नाही. अशा अभिवाचनाने वाचनाची गोडी लागते का, की हे बंद करावे?
– एक पालक

उत्तर : बंद करण्याची गरज नाही, ऐकण्याची पद्धत मात्र बदलायला हवी. गोष्ट पाठ होणे ही जमेचीच बाजू आहे, कारण रोजच्या बोलण्यात न येणारे शब्द आणि पुस्तकी वाक्यरचना त्यातून मुलांच्या कानांवर पडते. अडचण वेगळीच आहे. चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट चित्रे सांगतात. मजकुरात ‘घरात सगळे गाढ झोपले’ एवढेच असते आणि चित्रात पलंगाखाली मांजर मासा घेऊन बसलेले असते. ते मांजर स्वतः शोधून काढण्यात मुलांना जो आनंद मिळतो, तोच त्यांना पुस्तकाकडे पुन्हा ओढून आणतो. व्हिडिओमध्ये मात्र एक तर कॅमेराच मांजराजवळ जातो, नाहीतर ते दिसण्याआधी पान उलटले जाते, आणि कुठे व किती वेळ पाहायचे हे मुलांच्या हाती राहत नाही.

म्हणून शेजारी बसा आणि मधूनमधून व्हिडिओ थांबवा. मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या पालकांना, वाचून दाखवताना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर न संपणारे प्रश्न विचारायला आणि मुलाच्या उत्तरात थोडी भर घालायला शिकवले होते. महिनाभरातच ही मुले, नेहमीच्या पद्धतीने ऐकणाऱ्या मुलांपेक्षा बोलण्यात पुढे गेली. ‘मांजराला मासा कुठे मिळाला असेल?’ असे विचारा आणि उत्तराची वाट पाहा. प्रत्येक पानावर थांबू नका, नाहीतर गोष्टीची परीक्षा होईल.

तिला पाठ असलेल्या गोष्टीचेच छापील पुस्तक आणा आणि मुखपृष्ठ दिसेल असे, तिच्या हाताला येईल तिथे ठेवा. ती आठवणीतून ‘वाचू’ लागेल, तेव्हा चुका काढू नका. ही वाचनाचीच सुरुवात आहे, असे मी ठामपणे म्हणेन. ऐकताना लहान मुलांची नजर बहुतेक वेळ चित्रांवरच असते, अक्षरांवर फारशी जात नाही. त्यामुळे एखाद्या आवडत्या शब्दाखाली बोट ठेवून तो दाखवा.

वेळेचेही भान ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या वयात बसून पडदा पाहण्याचा वेळ दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा. दूरचे आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवणार असतील, तर तो प्रकार मला रेकॉर्ड केलेल्या वाचनापेक्षा कितीतरी उजवा वाटतो, कारण तिने मध्येच काही विचारले की ते थांबू शकतात. त्यासाठी पुस्तकाची एक प्रत तुमच्याकडेही असू द्या आणि पाने उलटण्याचे काम तिच्यावर सोपवा.