मॅन्युअलमध्ये ५०:१, ऑइलच्या बाटलीवर ४०:१, मेकॅनिक म्हणतो ३०:१. गवत कापायच्या ब्रशकटरसाठी ३ लिटर पेट्रोलला ऑइल किती घालू? आणि २ लिटरमध्ये चुकून ८० मिली पडलंय, ते फेकून द्यावं लागेल का?

५०:१ म्हणजे ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल, म्हणून ३ लिटरला ६० मिली. आणि ते २ लिटर अजिबात फेकू नका, त्याचं खाली सांगतो.

मॅन्युअल ५०:१ म्हणत असेल आणि बाटलीत टू-स्ट्रोकचंच (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनाचं), योग्य ग्रेडचं ऑइल असेल, तर मॅन्युअलचं ऐकायचं. बाटलीवरचा आकडा ढोबळ असतो, कारण ते ऑइल कोणत्या यंत्रात जाणार हे ऑइल कंपनीला ठाऊक नसतं. तुमच्या इंजिनाचे आरपीएम, बेअरिंग, कार्ब्युरेटरचं सेटिंग हे सगळं धरून आकडा दिलेला असतो तो यंत्र बनवणाऱ्याने. मेकॅनिकचा ३०:१ बहुधा जुन्या इंजिनांवरून आलेला आहे. तेव्हा ऑइलं साधी होती आणि २५:१, २०:१ असं मिक्स सर्रास चालायचं.

हिशोब करताना गुणोत्तर डोक्यातून काढून टाका. १००० ला त्या आकड्याने भागा, एका लिटरला किती मिली ते मिळतं. ५०:१ ला २०, ४०:१ ला २५, ३२:१ ला साधारण ३१, २५:१ ला ४०. पुढचं सगळं मिलीतच करायचं. मॅन्युअलमध्ये टक्के असतील तर २% म्हणजे ५०:१ आणि ४% म्हणजे २५:१. माप गॅलनमध्ये दिलं असेल तर तो कुठला गॅलन हे आधी बघा. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ लिटरचा. ५०:१ साठी पहिल्याला ७६ मिली लागतं, दुसऱ्याला ९१. ‘५० भागांत एक की ५१ भागांत एक’ असा वाद घालणारेही भेटतात. फरक लिटरमागे अर्धा मिलीसुद्धा पडत नाही, सोडून द्या.

आता तुमचे २ लिटर. त्यात ८० मिली ऑइल आहे. लिटरला २० लागतं, म्हणजे हे ऑइल ४ लिटरचं झालं. वरून २ लिटर साधं पेट्रोल ओता, हलवा, झालं ५०:१. उलट चूक झाली असती, समजा ३ लिटरमध्ये ३०च मिली पडलं असतं, तर आणखी ३० टाकलं की काम झालं.

गुणोत्तरात विचार केला की इथेच घोटाळा होतो. १ लिटर २५:१ आणि १ लिटर ५०:१ एकत्र केलं तर मधलं ३७.५:१ होईल असं वाटतं. पण ऑइल मोजा: ४० आणि २० मिळून ६० मिली, २ लिटरमध्ये. म्हणजे ३३:१.

जरा जास्त ऑइल असलेलं बरं, हे अर्धंच खरं आहे. टू-स्ट्रोकमध्ये फोर-स्ट्रोकसारखं खाली ऑइल भरलेलं नसतं. हवा-पेट्रोलचं मिश्रण क्रँककेसमधूनच (इंजिनाच्या खालच्या पेटीतून) वर जातं आणि जाताना त्यातलं ऑइल क्रँकच्या बेअरिंगला, कनेक्टिंग रॉडला, पिस्टनला लागतं. ते कमी पडलं की पिस्टन सिलेंडरला घासतो, तापतो आणि जाम होतो. दुरुस्तीचा खर्च बऱ्याचदा यंत्र घेण्याच्या जवळ जातो. जास्त झालं तर प्लग काळा, ओला होतो, धूर येतो, एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जायचं भोक) आणि सायलेन्सरची जाळी कार्बनने बुजते, ताकद कमी होते. हे निस्तरता येतं. पण ऑइल वाढलं की कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (बारीक भोकातून) येणाऱ्या पेट्रोलचं प्रमाण तेवढंच घटतं, म्हणजे हवेच्या तुलनेत इंधन कमी पडतं. थोड्याफार फरकाने काही बिघडत नाही, पण ‘सेफ्टी’ म्हणून दुप्पट ऑइल ओतणं ही सेफ्टी नव्हे.

कमी ऑइलवर किंवा साध्या पेट्रोलवर यंत्र चालल्याची शंका असेल तर इंजिन गार झाल्यावर सायलेन्सर काढा आणि एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्चने पिस्टन बघा. स्टार्टरची दोरी हळू ओढली की तो वरखाली होताना दिसतो. पृष्ठभाग गुळगुळीत किंवा बारीक आडव्या रेघांचा असेल तर ठीक, त्या रेघा बनवतानाच्याच असतात. उभे ओरखडे, त्यावर फासल्यासारखं अॅल्युमिनियम दिसलं, तर पुन्हा दोरी ओढू नका, तसाच दुरुस्तीला न्या.

ग्रेडचं थोडक्यात: ब्रशकटर, चेनसॉ यांसारख्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनांना बाटलीवर जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी (आयएसओ ईजीसी, ईजीडी) लिहिलेलं ऑइल घ्या. टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं ऑइल बोटींच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांचं, ते इथे नको. बाइकचं २०डब्ल्यू-४० तर नकोच नको. ज्या यंत्राला ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो त्याच्या पेट्रोलमध्ये, मॅन्युअलने वेगळं सांगितलं नसेल तर, मिक्स करू नका.

मिक्स कॅनमध्येच करा, यंत्राच्या टाकीत नाही. आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, झाकण लावून हलवा, मग उरलेलं पेट्रोल आणि पुन्हा हलवा. झाकणाने मोजू नका. सुई काढलेली मोठी सिरिंज किंवा मिलीच्या खुणांचा कप घ्या. ऑइलला निळा-हिरवा-लाल रंग असतो तो मिक्स आणि साधं पेट्रोल वेगळं ओळखायला. रंगाच्या गडदपणावरून प्रमाण ओळखू म्हणाल तर फसाल.

महिनाभरात संपेल एवढंच बनवा. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते ओलावा धरतं, पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं, आणि टाकीतली नळी इंधन ओढते तळाकडूनच. तुमचे ते ४ लिटर महिन्यात संपणार नसतील तर सगळं एकदम करू नका. जुन्या मिक्समधलं १ लिटर घ्या, त्यात १ लिटर ताजं पेट्रोल घाला आणि ते आधी वापरा. कॅन उन्हात ठेवू नका आणि त्यावर तारीख टाका.